सहाचं भोक

मन्मथअप्पांच्या काउंटरवर
साडेसातचे चार स्क्रू ठेवले.
अप्पांनी स्क्रूंकडं पाहिलंच नाही. म्हणाले,
"भिंत कुणाची?"

भिंत प्रयागबाईची. औशाच्या पुढं.
भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधून उठून
ज्या घरात ती आली, त्या घराची.
तीस वर्षांत तिनं भिंतीत एक खिळा मारू दिला नाही.
कॅलेंडर खिडकीच्या गजाला,
पिशव्या दाराच्या कडीला,
नवऱ्याचा फोटो डब्यांना टेकवून.
आता खुब्याचं ऑपरेशन झालंय.
संडासच्या दाराशी धरायला दांडा पाहिजे
आणि दांड्याला कॉलम पाहिजे.

"मग सहाचं बिट," अप्पा म्हणाले.
"आठचं घेतलंस तर स्क्रू आत नुसता हिंडतो,
बिनकामाच्या जावयागत.
पाचचं घेतलंस तर अर्ध्यात मुंडी मोडून घेतो.
सहा. वरचं दीड मिलिमीटर
त्याचं त्याला कापू दे.
तेवढंच धरून ठेवतं."

मी खिशातलं जुनं काढलं. ह्याच्यावर सहाच लिहिलंय की.
"लिहिलेलं झिजत नाही, टोक झिजतं,"
आणि काचेवर एक नवं बिट घरंगळवलं.
डुगडुगलं. बाजूला ठेवलं.
दुसरं सरळ चालत गेलं, वजनकाट्याला जाऊन थांबलं.
टोकावर कार्बाइडची टिकली.
"पैसे हिचे. खालचं नुसतं लोखंड."

बिटाला अडीच इंचावर टेप गुंडाळली.
प्रयागबाई खुर्चीत, हात मांडीखाली.
"किती खोल?"
बोटभर, म्हणालो.
तिनं स्वतःचं बोट पाहिलं, मग कॉलम.

आधी सिमेंट, भुरकं, मऊ.
मग आवाज बदलला: खडी.
आपल्याच माळाचा काळा दगड.
इथं दाबायचं नसतं, नुसतं थांबायचं,
मशीनला तिच्या गतीनं भांडू द्यायचं.
भोकातली भुकटी काढायला पंप विसरलो होतो.
ती उठली, वॉकर सरकवत आत गेली,
चुलीची फुंकणी घेऊन आली.
गॅस येऊन किती वर्षं झाली, फुंकणी होती.

दोन स्क्रू बसले. शेवटच्या वेढ्याला करकरले, तसंच पाहिजे.

तिसऱ्या भोकात पेराएवढं गेल्यावर
काहीच होईना.
भुकटी थांबली. वास आला.
बाहेर काढलं तर टिकली उडालेली.
माझ्या तोंडून शिवी गेली, तिच्यासमोर.

"काय झालं रे?"
सळई लागली, मावशी. बिट गेलं.
"सळई?"

मोबाइलचा उजेड पाडला.
तिनं एक डोळा मिटून आत पाहिलं, बराच वेळ.
आत मोहरीएवढा ओरखडा, चकचकीत.
"इंजिनियर म्हनला व्हता सळई हाय.
सगळेच म्हनले व्हते.
बगितली कुनी व्हती?"
मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
ऑपरेशनपासून कशाला अशी टेकली नसेल.
"हाय म्हनायची."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी वहीत लिहिलं,
बिट सहा, नग एक. काय लागलं ते विचारलं नाही.
मी खालची पट्टी जराशी फिरवली,
नव्या जागी दोन भोकं पाडली,
आणि जुनं बुजवायला सिमेंट कालवलं.
"राहू दे ते."
पाणी मुरंल, मावशी. आतून गंजंल.
ती विचारात पडली. इतका विचार
तिनं ऑपरेशनच्या कागदावरही केला नसावा.
"बुजव मग."

ओल्या सिमेंटावर अंगठा दाबला,
घर ताब्यात घेताना रजिस्टरात दाबला असेल तसाच,
आणि पदराला पुसला.

मग दांडा धरून उठली. बसली.
पुन्हा उठली.
मी स्क्रूंना कान लावून होतो.
एकही बोलला नाही.